इंग्रजायले इटालियन शिकवणारा विल्यम थॉमस फाशीवर काहून गेला?

पांदणवाट (घाटंजीकडला)

रामराम मंडळी. विषय जरा आडवळणाचा हाय पण इथं इतिहास वाचणारे लोक हायेत म्हणून टाकून रायलो. आमच्या इकडं सेंद्रिय कापसाचा गट हाय, त्याच्यासाठी मांगच्या हंगामात इटलीची पाहुणे मंडळी वावरं पाहाले आली होती, तेव्हापासून मले इटालियन शिकाचा नाद लागला. मोबाईलवरच शिकतो, राती जागलीले गेलो की डुकरं हाकलता हाकलता क्रियापदं पाठ करतो, बायको म्हणते तुमचं बोलणं ऐकूनच डुकरं पळतीन. ते जाऊ द्या.

तं गोठ अशी की आमच्या गावच्या वाचनालयात महिन्यातून एकदा कोणीतरी एक विषय घेऊन बोलते. या खेपेले माझा नंबर हाय आणि मी ठरवलं की इंग्रज लोकायले इटालियन पहिल्यांदा कोणं शिकवली ते सांगाचं. शोधता शोधता विल्यम थॉमस सापडला. 1550 साली लंडनात त्याचं इटालियन व्याकरण छापलं, सोबत शब्दकोश, इंग्रजीत तसं छापलेलं ते पहिलंच. त्याच्या आदल्या वर्षी, 1549 ले, इटलीचा इतिहास. मी म्हटलं चांगला शांत स्वभावाचा मास्तर असन, सकाळी पूजा करून लिहाले बसणारा. अन् पुढं वाचतो तं काय, मालकाचे पैसे घेऊन पळालेला, व्हेनिसात अटक झालेला, मंग राजाच्या दरबारात मोठ्या खुर्चीवर, अन् 1554 ले राणीले माराच्या कटात फाशी! नुसती फाशी नाई, तुकडे करून मुंडकं लंडन ब्रिजवर लावलं.

हे सगळं एकाच माणसाचं हाय का दोन-तीन विल्यम थॉमस एकात मिसळले? नाव तं तिकडं गल्लोगल्ली सापडत असन. अन् त्यानं खरंच राणीले माराचं ठरवलं होतं का? आमच्या गावातले म्हातारे प्रश्न विचाराले लय खवट हायेत, अर्धवट सांगतलं तं उभं राहू देत नाईत.

जुना_फळा (मोर्शी तालुका, निवृत्त शिक्षक)

पांदणवाट भाऊ, माणूस एकच आहे, बिनधास्त सांगा. मी नोकरीत असताना वाचलं होतं, डोळे गेले तरी हे काही डोक्यातून गेलं नाही, म्हणून लांबलचक लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

हा मूळ वेल्सचा. आठव्या हेन्रीच्या दरबारात सर अँथनी ब्राउन म्हणून बडं प्रस्थ होतं, राजाच्या घोड्यांचा सगळा कारभार त्याच्याकडे, त्याच्या पदरी हा कामाला होता. शिकलेला, हिशोबात हुशार, पण जुगाराचा नाद. हरत गेला, देणं झालं, आणि मालकाच्या पैशाला हात लावला. वर्ष 1545. आता गंमत बघा, रोख रक्कम घेऊन अख्खा युरोप ओलांडायचा म्हणजे रस्त्यात कोणीही गळा कापावा, म्हणून यानं लंडनमध्येच एका इटालियन सावकाराकडे पैसे भरले आणि व्हेनिसवर हुंड्या घेतल्या, म्हणजे तिकडे पोचायचं, कागद दाखवायचा आणि पैसे उचलायचे. आपल्याकडे जिनिंगवाले आणि अडते हुंडीवरच व्यवहार करत, जुन्या लोकांना विचारा, तीच पद्धत.

पण सरकारचं पत्रही निघालं. व्हेनिसमध्ये इंग्लंडचा वकील एडमंड हार्व्हेल म्हणून होता, त्याला हुकूम गेला की हुंड्या थांबवा आणि माणूस धरा. धरला. यानं लगेच कबूल केलं की बाबा जुगारापायी केलं. पुढे सुटला, पण इंग्लंडला कोणत्या तोंडानं जाणार, म्हणून तिथेच राहिला, साधारण तीनेक वर्षं. पादुआ, बोलोन्या, फ्लॉरेन्स, रोम, पार नेपल्सपर्यंत हिंडला आणि जिथे गेला तिथे बघत, विचारत, लिहीत गेला. नंतर स्वतःबद्दल लिहिताना या सगळ्या भानगडीला त्यानं "दुर्दैवानं मायभूमी सोडावी लागली" एवढ्यात गुंडाळलंय, पैशाचा प ही नाही.

तुमच्या भाषणासाठी एक प्रसंग देतो, हा नक्की घ्या. 1547 च्या जानेवारीत हेन्री मेला आणि फेब्रुवारीत हा बोलोन्यात एका श्रीमंत व्यापाऱ्याच्या घरी बसलेला. तिथली इटालियन मंडळी याला घेरून विचारताहेत की तुमचा राजा म्हणजे काय माणूस होता हो, सहा बायका केल्या, दोघींना सोडलं, दोघींची मुंडकी उडवली, मठ लुटले, पोपला झुगारलं. आणि हा, ज्याच्यावर त्याच राजाच्या सरकारनं वॉरंट काढलं होतं, तो एकेका आरोपाला उत्तर देत राजाची बाजू लढवतोय. त्या वादावर त्यानं पुस्तकच लिहिलं, ते 1552 मध्ये इटालियनमध्येही छापलं गेलं, अर्पण कोणाला तर पिएत्रो अरेतीनोला, जो त्या काळचा राजेरजवाड्यांची बिनपाण्यानं करणारा लेखक.

तर्री_जास्त

गुरुजी लय मस्त सांगतलं पण सरळ चोर म्हणा ना त्याले. आमच्या इथं पतसंस्थेचा एकजण असाच पैसे घेऊन पळाला, त्याचं कोणी व्याकरण छापलं नाई अजून. विद्वान झाला की सगळं धुऊन निघते का बाप्पा? अन् राजाची बाजू लढवली म्हणे, अरे त्याले घरी वापस यायचं होतं, म्हणून लोणी लावून रायला होता. 

पांदणवाट, तू भाषणात पहिलेच सांगून टाक चोर होता म्हणून, नाई तं ते म्हातारे मंगून काढतीन.

मोहफूल (गडचिरोली जिल्हा, कॉलेजात इतिहास शिकवते)

तर्रीभाऊ, चोर होताच, त्यात वाद नाही. पण घरी परत यायचं म्हणून लोणी लावलं हे अर्धंच खरं वाटतं मला, कारण त्याची मतं शेवटपर्यंत तीच राहिली आणि त्याच मतांपायी जीव गेला. लोणी लावणारा माणूस वारा फिरला की दुसऱ्याला लावतो.

गुरुजींनी जिथे सोडलं तिथून पुढे सांगते. हेन्री मेल्यावर गादीवर आला सहावा एडवर्ड, नऊ वर्षांचं पोर, म्हणजे कारभार दरबाऱ्यांच्या हातात. थॉमस 1549 च्या सुमारास इंग्लंडमध्ये परत आला आणि आल्याआल्या ते इटलीचं पुस्तक छापून जॉन डडलीला अर्पण केलं. डडली म्हणजे पुढे ज्याच्या हातात सगळी सत्ता गेली तो, त्यामुळे नेम बरोबर लागला म्हणायचा. 1550 च्या एप्रिलमध्ये हा प्रिव्ही कौन्सिलचा क्लार्क झाला. क्लार्क म्हटलं की आपल्याला तहसीलमधला बाबू डोळ्यापुढे येतो पण ते तसं नव्हतं, देश चालवणाऱ्या मंडळाच्या बैठकीत बसून सगळं नोंदवायचं, म्हणजे राज्याची सगळी गुपितं कानावर. 1551 मध्ये एडवर्डचं लग्न फ्रान्सच्या राजकन्येशी ठरवायला शिष्टमंडळ गेलं त्यातही हा होता.

आणि आता खरी गोष्ट. यानं त्या पोरवयाच्या राजाला गुपचूप राज्यशास्त्र शिकवायला घेतलं. 85 प्रश्नांची यादी लिहून दिली की महाराज, राजानं यावर विचार केलेला असावा. सत्ता सरदारांच्या हातात बरी की सामान्य लोकांच्या, राजाला मित्र असावेत की नसावेत तर कसे, असे. राजा यातला विषय निवडणार, हा त्यावर निबंध लिहून पाठवणार, आणि निकोलस थ्रॉकमॉर्टन नावाच्या दरबाऱ्यामार्फत चिठ्ठ्या जाणार येणार, कोणाला पत्ता लागू द्यायचा नाही, कारण म्हणे लोकांना वाटायला नको की राजा दुसऱ्याच्या अकलेनं चालतो. प्रश्न बरेचसे माकियाव्हेलीच्या, म्हणजे सत्ता कशी टिकवावी यावर बेधडक लिहिणाऱ्या फ्लॉरेन्सच्या लेखकाच्या, लिखाणातून उचललेले. माकियाव्हेलीचं नाव इंग्लंडमध्ये नुसतं घेतलं तरी लोक पुढे कानाला हात लावायचे, आणि हा चौदा वर्षांच्या राजाला तेच पाजतोय. इटलीच्या पुस्तकातला फ्लॉरेन्सचा भाग लिहितानाही त्यानं माकियाव्हेलीचाच आधार घेतला होता.

त्या निबंधांत एक निबंध असा आहे की काळ बदलला की माणसानं बदलावं का. उत्तर त्याचं होकारार्थी आहे. मी वर्गात हा माणूस शिकवते तेव्हा इथे थांबते, कारण 1553 च्या जुलैत एडवर्ड मेला, कॅथलिक मेरी गादीवर आली आणि काळ एकदम उलटा फिरला. विल्यम सेसिल, जो याच दरबारात याचा वरिष्ठ आणि ओळखीचा होता, तो गुमान कॅथलिक पूजेला बसू लागला, मान खाली घालून पाच वर्षं काढली आणि पुढे मेरीची बहीण एलिझाबेथ राणी झाली तेव्हा तिच्या राज्यात चाळीस वर्षं कारभार केला. आमच्या थॉमसनं राजाला जे शिकवलं ते सेसिलनं केलं.

पांदणवाट

मॅडम हे तं लयच भारी निघालं. आता माह्या भाषणाचा नकाशाच बदलून रायला. पण मले मूळ काम तं शब्दकोशाचं सांगाचं होतं, ते त्यानं कधी केलं मंग? दरबारात बसून का तिकडं भटकत होता तेव्हा? अन् तो कोश खरंच कामाचा होता का नुसता पहिला म्हणून नाव?

जुना_फळा

तिकडेच केलं भाऊ. पादुआत असताना जॉन टॅमवर्थ नावाच्या एका इंग्रज मित्रानं गळ घातली की मला इटालियन शिकायची आहे, काहीतरी सोपं लिहून दे. यानं लिहून दिलं, त्यावर पादुआचा 1548 च्या फेब्रुवारीचा उल्लेख आहे. म्हणजे छापायचं डोक्यात असं काही नव्हतं, मित्रासाठी काढलेली वही म्हणा. टॅमवर्थनं ती सर वॉल्टर मिल्डमे या सरकारी बड्या माणसाला दाखवली, त्याला वाटलं हे तर सगळ्यांच्याच कामाचं आहे, आणि त्यानं थॉमस बर्थलेटच्या छापखान्यात छापून घेतली. बर्थलेट म्हणजे हेन्रीचा सरकारी छापणारा, इटलीचं पुस्तकही त्यानंच छापलं.

कामाचा होता का, तर हो. आधी व्याकरण, ते थोडक्यात, नाम सर्वनाम क्रियापद चालवायची रीत. मग अकारविल्हे शब्द, आठ हजारांच्या वर, समोर इंग्रजी अर्थ. पुस्तकाच्या नावातच लिहिलंय की बोकाचो, पेत्रार्क आणि दांते हे इटलीचे जुने मोठे लेखक नीट कळावेत म्हणून हा कोश, म्हणजे बाजारात भाव करायला नाही, वाचायला. सगळं काही यानं एकट्यानं खणून काढलं असंही नाही, इटलीत तेव्हा अकारिसिओ आणि अलुन्नो यांचे इटालियन शब्दसंग्रह निघालेले होते, ते पुढ्यात ठेवूनच यानं काम केलं. पण इटालियन शब्दापुढे इंग्रजी अर्थ मांडलेला छापील कोश याच्या आधी नव्हता. 1562 आणि 1567 मध्ये परत छापला गेला, म्हणजे फाशी गेलेल्या माणसाचं पुस्तक लोक विकत घेत राहिले.

आणखी एक, हे मला फार आवडतं. त्यानं खगोलावरचं एक जुनं लॅटिन पुस्तक इंग्रजीत आणलं, सफोकच्या तरुण ड्यूकसाठी. त्याच्या सुरुवातीला तो म्हणतो की ग्रीकांनी विद्या ग्रीकमध्ये लिहिली, रोमनांनी लॅटिनमध्ये, आपण मात्र आपली पोरं परक्या भाषा शिकण्यातच म्हातारी करतो, विद्या आपल्या भाषेत आली पाहिजे. इटलीत त्यानं हेच पाहिलं होतं, तिथले विद्वान लॅटिन बाजूला ठेवून आपल्या बोलीत लिहायला लागले होते. मी रिद्धपूरच्या जवळचा माणूस, महानुभावांनी सातशे वर्षांआधी हाच हट्ट धरला होता आणि आता तिथे मराठीचं विद्यापीठही उभं राहिलं, त्यामुळे हे वाचून मला तो वेल्सचा माणूस आमच्याच पंचक्रोशीतला वाटला. आणि गंमत म्हणजे परक्या भाषेचा कोश करणाराच आपल्या भाषेसाठी भांडतोय. त्यात मला काही उलटं वाटत नाही, दोन भाषा ज्याला नीट येतात त्यालाच कळतं आपल्या भाषेत काय काय करता येईल ते.

तर्री_जास्त

गुरुजी आता मले थोडा थोडा आवडू रायला हा गडी. पण मले सांगा त्या इटलीच्या पुस्तकात हाय काय? राजे अन् लढाया असतीन तं म्हातारे झोपतीन. पांदणवाटले खाण्यापिण्याचं काही द्या.

जुना_फळा

अरे तेच तर, नुसत्या लढाया नाहीत. रोमचे पडके महाल, पोपचा थाट, शहरांची उत्पन्नं, न्याय कसा चालतो, बायका कशा राहतात, सगळं. व्हेनिसचं वाचून तर हसू येतं. तिथल्या श्रीमंतांबद्दल लिहितो की एवढा पैसा, पण स्वतः बाजारात जातो आणि इतकी चिक्कूपणानं खरेदी करतो की गरीब माणूस त्याच्यापेक्षा बरं जेवतो. आणि लिहून तिथेच थांबत नाही, व्हेनिसवाल्याचं यावर काय म्हणणं आहे तेही देतो, की काटकसर हा गुण आहे, उधळेपणा नव्हे. दोन्ही बाजू ऐकवायची सवय याला बोलोन्यापासूनच होती.

आणि त्याच शहराबद्दल लिहितो की परक्या माणसाला एवढं मोकळं रान दुसरीकडे कुठे नाही. तुम्ही यहुदी असा, तुर्क असा, सैतानाला मानणारे असा, आपलं मत आपल्यापाशी ठेवलं की कोणी विचारायला येत नाही. राज्याविरुद्ध हात उचलला नाही म्हणजे झालं, तोंडानं काय बोललात याची कोणाला पर्वा नाही. इंग्लंडमध्ये त्या वेळी देवाला कसं भजता यावरून माणसं जाळत होते, तिथल्या वाचकाला हे वाचून काय वाटलं असेल बघा.

मोहफूल

गुरुजी, हा उतारा माझाही आवडता. आणि त्यातली अट बघा, बोला हवं ते पण राज्याविरुद्ध हात उचलू नका. हे ज्यानं लिहिलं त्याच्यावर आरोप काय आला तर राणीवर हात उचलायचा.

पांदणवाटांचा शेवटचा प्रश्न राहिला होता, तो घेते. मेरीनं स्पेनच्या फिलिपशी लग्न करायचं ठरवलं आणि अर्धा देश बिथरला, की परका राजा डोक्यावर बसणार. थॉमसची नोकरी गेलेलीच होती. 1553 च्या डिसेंबरात तो लंडन सोडून डेव्हनमध्ये सर पीटर कॅर्यूच्या घरी गेला. हा कॅर्यू तिकडे उठाव करणार होता. बेत असा की चार ठिकाणी एकदम उठायचं, पण बाकीचे ठिकाणचे बेत बारगळले, कॅर्यू फ्रान्सला पळाला आणि उठला फक्त केंटमधला थॉमस वायट, जानेवारी 1554 च्या शेवटी. तो 7 फेब्रुवारीला लंडनच्या वेशीशी येऊन हरला. मग धरपकड. मेरीच्या आधी जिला काही दिवस गादीवर बसवलं होतं त्या लेडी जेन ग्रेचं मुंडकं 12 फेब्रुवारीला उडवलं, बिचारीचा या उठावाशी स्वतःचा काही संबंध नव्हता. मार्चमध्ये खुद्द एलिझाबेथला टॉवरमध्ये, म्हणजे लंडनच्या किल्ल्यातल्या तुरुंगात, टाकलं. विल्यम थॉमस 20 फेब्रुवारीला टॉवरमध्ये आला आणि थोड्याच दिवसांत त्यानं स्वतःला संपवायचा प्रयत्न केला, त्यातून वाचला.

आरोप असा होता की त्यानं जॉन फिट्झविल्यम्स नावाच्या माणसाकडून राणीचा खून करवायची कल्पना काढली. आता पुरावा ऐका. थॉमस निकोलस अर्नोल्डला बोलला आणि अर्नोल्डनं ते पुढे सांगितलं, अशी ऐकीव साखळी. अर्नोल्ड स्वतः कैदेत होता, म्हणजे जीव वाचवायला कोणाचं तरी नाव घेणं त्याला भागच होतं. थ्रॉकमॉर्टनचा खटला याच्या आधी 17 एप्रिलला गिल्डहॉलमध्ये झाला, हो तोच थ्रॉकमॉर्टन जो राजाच्या चिठ्ठ्या पोचवायचा, तेव्हा त्यानं भर कोर्टात सांगितलं की त्या फिट्झविल्यम्सलाच साक्षीला उभं करा, त्याला विचारा थॉमस काय बोलला ते. कोर्टानं फिट्झविल्यम्सला बोलूच दिलं नाही.

तर माझं मत विचाराल तर, उठावाच्या लोकांत तो उठबस करत होता हे नक्की, राणीला मारायचं तो तोंडानं कुठेतरी बोललाही असेल, पण ठरवून माणूस नेमला हे सिद्ध झालं असं मी वर्गात सांगत नाही. 9 मे ला दोषी ठरवला, 18 मे ला टायबर्नला, म्हणजे लंडनच्या फाशीच्या जागी, नेला. मरताना म्हणाला की मी देशासाठी मरतोय.

पांदणवाट

बापरे. म्हणजे मारलाच तं पक्क्या पुराव्याशिवाय. 

मले एक अजून विचाराचं, हा मेरीच्या वेळेस गुमान वेल्समधे जाऊन आपला कोश वाढवत बसला असता तं? त्याले कोणं काय केलं असतं?

तर्री_जास्त

बसला नसता तो. जुगारी होता भाऊ! मी सांगतो ना, एकदा पत्ते हातात धरले की माणूस बाजूले बसून पाहू नाई शकत, त्याले डाव पाहिजेच. पहिले मालकाच्या पैशावर खेळला, मंग राजाच्या कानावर खेळला, मंग राणीच्या गादीवर. मोहफूल ताई म्हणते काळ फिरला म्हणून गेला, मी म्हणतो स्वभावानं गेला.

मोहफूल

तर्रीभाऊ, मुद्दा सोडून देण्यासारखा नाही. पदावर असतानाही त्याची भूक मोठी होतीच, सेंट पॉल कॅथेड्रलच्या एका जागेचं उत्पन्न लाटायच्या भानगडीत बिशप रिडलीशी वाकडं घेतलं, तो बिशप याच्याच प्रोटेस्टंट पंथाचा, म्हणजे आपल्याच माणसाला दुखवलं. रिडलीनं याच्याबद्दल चिडून पत्र लिहिलेलं आहे. पण दुसरी बाजूही घ्या. 1552 मध्ये यानं सेसिलला पत्र लिहून विनवलं होतं की मला व्हेनिसला पाठवा. ज्या गावात बेड्या पडल्या त्याच गावात सरकारी कामानं जायचं होतं त्याला. सेसिलनं पाठवलं असतं तर तो एडवर्ड मेला तेव्हा इटलीत असता आणि आरामात म्हातारा झाला असता. 

स्वभाव होताच, पण नशिबाचा वाटा अगदीच काढून टाकू नका. थ्रॉकमॉर्टन तेवढ्याच आरोपात, तेवढ्याच पुराव्यावर, ज्युरीनं निर्दोष सोडला आणि पुढे एलिझाबेथचा फ्रान्समधला वकील झाला.

धान_पट्टा (वडसाकडचा, झाडीपट्टीत नाटकं करतो)

मी उशिरा वाचलं, पण एक टाकतोच. या थॉमसच्या इटलीच्या पुस्तकात जेनोव्हाचा गादीवरून हटवलेला प्रोस्पेरो अडॉर्नो आहे, आणि नेपल्सचा आल्फान्सो राजा आणि त्याचा मुलगा फर्डिनांड. आता शेक्सपिअरच्या द टेम्पेस्टमधली नावं आठवा. हटवलेला ड्यूक प्रोस्पेरो, नेपल्सचा राजा अलॉन्सो, मुलगा फर्डिनांड. काही अभ्यासक म्हणतात की नाटककारानं ही नावं इथूनच उचलली असावीत. पुस्तक 1561 मध्ये परत छापलं होतं, म्हणजे हाताशी होतंच.

नाटकवाला म्हणून सांगतो, पांदणवाट भाऊ, भाषण सुरू करताना चोर म्हणून सुरू करू नका आणि फाशीवरूनही नको. त्या बोलोन्याच्या घरातून सुरू करा, पाहुणे प्रश्न विचारताहेत आणि हा उत्तर देतोय, लोकांना वाटू द्या की हा राजाचा फार लाडका माणूस असेल, मग हुंडी काढा. आमच्या इकडे रात्रभर लोक बसतात ते पुढं काय होते यासाठीच.

पांदणवाट

धानपट्टा भाऊ, मानलं. तसंच करतो. बोलोन्या, मंग हुंडी, मंग पादुआची वही, मंग दरबार. ते 85 प्रश्न अन् 1551 मधे त्यायच्या राज्यात नाण्याची किंमत उतरवली ते पण घेतो, सकाळी उठले तं 12 पेन्सचा शिलिंग 9 चा, अन् महिन्याभरात 6 चा, थॉमसनं राजाले नाणं सुधरवा म्हणून वेगळा कागद लिहून देला होता असं मी वाचलं. आमच्या गावात नोटाबंदीत बँकेपुढं चपला ठेवून नंबर लावणारे लोक हायेत, हे त्यायले बिना समजवता समजीन.

गुरुजी, शब्दकोशाच्या पुढं काय झालं ते एका ओळीत सांगता का? कोणी वाढवला का?

जुना_फळा

वाढवला असं नाही, मोठा नवा केला. जॉन फ्लोरिओ, लंडनमध्येच जन्मलेला, बाप इटलीतून पळून आलेला प्रोटेस्टंट, ज्यानं लेडी जेन ग्रेला इटालियन शिकवली होती. फ्लोरिओनं 1598 मध्ये इटालियन-इंग्रजी कोश काढला, सुमारे 44 हजार शब्दांचा, आणि 1611 मध्ये तोच वाढवून 70 हजारांच्या वर नेला. थॉमसचा कोश त्यापुढे पातळच, पण याच्या आठ-नऊ हजार शब्दांवर अर्ध्या शतकभर इंग्रजांनी दांते वाचला.

तर्री_जास्त

पांदणवाट, पुढच्या महिन्यात माह्या नंबर लाव, मी त्या थ्रॉकमॉर्टनच्या ज्युरीवर बोलतो. राणीच्या कोर्टात राणीचा आरोपी सोडला म्हणजे काळीज पाहिजे राजेहो. मोहफूल ताई, त्या ज्युरीवाल्यायचं मंग काय झालं?

मोहफूल

निकाल दिल्या दिल्या सगळ्या बाराजणांना आत टाकलं. चौघांनी माफी मागितली, ते सुटले. आठजण मागे हटले नाहीत, त्यांना महिनोन् महिने कैदेत ठेवलं आणि मग जबर दंड ठोकला. विषय चांगला आहे, घ्या.